तोंडात स्क्रू असताना

चालकाशेजारच्या सीटपुढे पाय ठेवायला जेवढी जागा असते, तेवढ्यात जावई उताणा पडला होता. डोकं डॅशबोर्डखाली, पाठीत दाराच्या चौकटीची कड आणि पाय बाहेर अंगणातल्या फरशीवर. त्याला दिसत होतं ते इतकंच: नाकावर काळं प्लास्टिक, त्यातून लोंबणाऱ्या दोन वायरी आणि उघड्या दारातून सासऱ्यांचे गुडघे. सासऱ्यांना सगळं घर अप्पा म्हणायचं. अप्पा दाराशी स्टुलावर बसले होते.

"जावईबापू, घाई नाही. आधी टोक खाचेत जाऊ द्या. मग फिरवा."

"गेलंय, अप्पा."

"नाही गेलेलं. गेलं असतं तर तुमचं मनगट सरळ दिसलं असतं."

जावयाने मनगट सरळ केलं. स्क्रू फिरला. अप्पा गुडघ्यांतून का होईना, बरोबर पाहत होते.

काम फार मोठं नव्हतं. गाडीतला एसी लावला की ओल्या फडक्यासारखा वास येतो, असं सासूबाई महिनाभर म्हणत होत्या. एसीचा फिल्टर बदलायचा होता. तो पुढच्या कप्प्याच्या मागे असतो. कप्पा तीन स्क्रूंवर बसवलेला. ते काढले की कप्पा खाली येतो, मागे एक झाकण दिसतं, झाकणात फिल्टर. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने हे काम चहा निवायच्या आत केलं असतं. पण या घरातली वस्तू परक्याच्या हाती जात नसे. अप्पांचं आयुष्य वजनकाटे दुरुस्त करण्याच्या कारखान्यात गेलं होतं. घरातलं घड्याळ, नळ, मिक्सर, इस्त्री, शिवणयंत्र आणि ही गाडी, यांतलं काहीही कधी दुकानाची पायरी चढलेलं नव्हतं.

मग अप्पांचे हात थरथरायला लागले. ही गोष्ट घरात कोणी बोलत नसे. अप्पा फक्त म्हणत, "तुमची नजर चांगली आहे, जावईबापू, तुम्ही करा." त्यामुळे आठवड्याच्या सुट्टीला हात जावयाचे आणि हुकूम अप्पांचे, अशी वाटणी होऊन गेली होती.

जावई आणि त्याची बायको या घरात आले ते काही महिन्यांसाठी. त्यांच्या भाड्याच्या घराचं छत गळत होतं, दुरुस्ती होईपर्यंत इथे राहायचं ठरलं. छत केव्हाच दुरुस्त झालं, त्याखाली दुसरं कुटुंब राहायला आलं, त्यांच्या मुलीचं लग्नसुद्धा झालं. हे दोघं मात्र वरच्या खोलीतच राहिले. त्या खोलीत जायचं तर अप्पांच्या पलंगाला वळसा घालून जावं लागे. येताना अप्पा विचारत, "आलात?" जाताना विचारत, "निघालात?" त्रास असा कुणाचाच नव्हता. ताटात पहिली पोळी त्याला, पंख्याखालची खुर्ची त्याला, आणि साध्या पाण्याचा पेला द्यायचा तरी 'जावईबापू' अशी हाक. मान इतका होता की त्याच्या ओझ्याखाली मान वर करता येत नव्हती.

जावई सरकारी इस्पितळात एक्स-रे काढायचा. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात एक्स-रेचा नवा विभाग सुरू होत होता आणि तो विभाग सांभाळायला त्याला बोलावलं होतं. राहायला आवारातच दोन खोल्या होत्या. त्या खोल्यांचं दार थेट बाहेर उघडत होतं, हे त्याने दोनदा विचारून घेतलं होतं. तिथल्या प्रमुखांनी आज संध्याकाळपर्यंत उत्तर मागितलं होतं. नाहीतर उद्या दुसऱ्याला बोलावणार होते. अशा संधी याआधीही आल्या होत्या. एकदा अप्पांचा मोतीबिंदू निघाला म्हणून सोडली. त्यानंतरची का सोडली, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. विषय निघालाच नाही, एवढंच.

काल रात्री बायकोने स्पष्ट सांगितलं होतं, "अप्पांशी तूच बोल. मी बोलले की मी रडणार, आणि मी रडले की आपण राहणार."

म्हणून सकाळी चहाच्या वेळी सांगायचं ठरवून तो खाली उतरला. चहाच्या टेबलावर नव्या फिल्टरचा खोका आधीच येऊन बसला होता.

"हा घ्या," जावई गाडीतून म्हणाला. अप्पांनी तळहात पुढे केला. दुसराही स्क्रू निघाला होता. जावयाने तो बाहेर दिला. अप्पांनी तो ओठांत धरला. पहिला तिथे होताच.

ही त्यांची कारखान्यातली सवय. काढलेला स्क्रू टेबलावर ठेवला तर घरंगळतो, खिशात टाकला तर दुसऱ्यात मिसळतो. ओठांतला हरवत नाही, कारण तो तिथे आहे हे विसरताच येत नाही. स्क्रू तोंडात असेपर्यंत अप्पा बोलत नसत. बोटाने दाखवत. "तेवढीच घराला विश्रांती," असं सासूबाई म्हणायच्या.

तिसरा स्क्रू आतल्या बाजूला होता. तो सुटला तसा कप्पा हळूच खाली घसरला आणि जावयाच्या छातीवर टेकला. आता त्याला हलता येत नव्हतं. त्याने हात लांबवून स्क्रू बाहेर दिला. अप्पांच्या बोटांनी तो चाचपडत उचलला आणि तोंडात ठेवला.

आणि जावयाच्या लक्षात आलं की अप्पांना आता बोलता येणार नाही. तीनही स्क्रू त्यांच्या तोंडात होते, आणि काम पुरं झाल्याशिवाय ते काढायचे नाहीत, हा त्यांचाच नियम. मिठाची गुळणी धरलेला माणूस आणि कप्प्याखाली अडकलेला माणूस. याच्याहून सोयीची वेळ पुन्हा येणार नव्हती.

"अप्पा," तो डॅशबोर्डच्या पोटाकडे पाहत म्हणाला, "मला दुसऱ्या शहरात नोकरी मिळालीय. विभाग सांभाळायचाय. राहायला जागा देतायत. आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय." अप्पांचा गुडघा हलायचा थांबला. "मी हो म्हणणार आहे."

बाहेरून एक 'हं' आला, त्यानंतर खोकला आला, आणि खोकला थांबेना.

जावयाने कप्पा वर ढकलला, कोपर दाराच्या चौकटीवर आपटून घेतलं आणि तो बाहेर आला. अप्पा वाकले होते. चेहरा लाल झाला होता. त्यांनी तळहात पुढे केला, त्यावर दोन स्क्रू होते. तळहात थरथरत होता आणि स्क्रू एकमेकांवर टकटक वाजत होते.

"तिसरा?" जावयाने विचारलं.

अप्पांनी गळ्याकडे बोट दाखवलं आणि ते बोट खाली खाली नेत पोटावर टेकवलं.

सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या त्या हात पुसतच. "गिळला? अहो, गिळला? जन्मभर सांगत आले, तोंड म्हणजे काय डबी आहे का? आता बोला ना!"

"बोलायला लावू नकोस," अप्पा म्हणाले. "हलेल तो."

"हलेल म्हणजे? पोटात काय पाळणा बांधलाय त्याला?"

बायको जिन्यावरून धावत खाली आली. तिने एकदा वडलांकडे आणि एकदा नवऱ्याकडे पाहिलं, आणि किल्ली आणायला आत गेली.

गाडी तशाच अवस्थेत काढावी लागली. जावई चालवायला बसला, अप्पा शेजारी, बायको मागे. सासूबाई घरीच थांबल्या. अंगण झाडून बघते, पडला असेल तर मिळेल, म्हणाल्या. "पडलेला नाही," अप्पा म्हणाले, "मला कळतं ना कुठे आहे ते." समोरचा कप्पा लोंबत होता आणि प्रत्येक वळणावर त्यांच्या मांडीवर आदळत होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला, कुणीतरी सांभाळायला दिलेलं मूल धरावं तसा.

"दुखतंय का, अप्पा?" बायकोने विचारलं.

"टोचतंय."

"कुठे?"

"जागा बदलतोय."

सिग्नलला गाडी थांबली. बायको पुढे झुकून हळूच म्हणाली, "बोललास?"

"बोललो."

"मग?"

"मग गिळला."

तिला हसू फुटलं; ते तिने ओढणीने दाबलं आणि लगेच तिचे डोळे भरले. आरशात त्याला दोन्ही दिसलं. काचा बंद होत्या, एसीही बंद होता. गाडीत गरम प्लास्टिकचा आणि त्या ओल्या फडक्याचा वास भरून राहिला होता.

"अप्पा, मघाशी मी जे म्हणालो," जावयाने सुरुवात केली.

"आत्ता नको, जावईबापू. आधी हा निघू दे."

बोलणं तिथेच संपलं. जावयाला कळलं की जोवर तो स्क्रू पोटात आहे तोवर हा विषय निघणार नाही. आणि स्क्रू पोटात किती दिवस राहील, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. आठ दिवस, पंधरा दिवस. संध्याकाळ मात्र आजच होती.

इस्पितळात सुट्टीच्या दिवशीची शांतता होती. ड्यूटीवरच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी अप्पांचं पोट दाबून पाहिलं, घसा पाहिला.

"स्क्रू तोंडात कसा गेला, आजोबा?"

"ओठांत धरला होता."

"ओठांत कशाला? हातात धरायचा ना."

अप्पांनी जावयाकडे पाहिलं नाही. "हातात राहत नाहीत," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत हे वाक्य त्या घराच्या भिंतींनी ऐकलं नव्हतं. बायको दाराशी उभी होती, तिने मान फिरवली. डॉक्टरांनी ते ऐकलं न ऐकलं आणि कागदावर छाती व पोट असं लिहून दिलं.

एक्स-रेच्या खोलीत जावयाचा सहकारी होता. सगळे त्याला लंबू म्हणत. "काय राव," तो म्हणाला, "घरी करमत नाही म्हणून सुट्टीला पण इकडंच?" मग मागचे अप्पा दिसले आणि तो उठून उभा राहिला. "तूच काढतोस? काढ. मी बाहेर बसतो."

ही खोली जावयाची होती. इथलं प्रत्येक बटण, दाराची प्रत्येक कुरकुर त्याच्या ओळखीची. इथे येणाऱ्या माणसाला तो कसं उभं राहायचं ते सांगायचा आणि माणूस तसा उभा राहायचा. मोठमोठे अधिकारी, भांडकुदळ बायका, रडणारी पोरं, सगळे.

"शर्ट काढा. इथे छाती टेकवा. हनुवटी वर. खांदे पुढे."

अप्पांनी खांदे पुढे घेतले. त्यांची पाठ त्याने पहिल्यांदाच पाहिली. वाटलं होतं त्यापेक्षा खूप लहान होती.

"हलू नका."

"हलत नाही."

"हात कमरेवर ठेवा. घट्ट." हात थरथरत होते. त्याने ते आपल्या हातांनी कमरेवर ठेवले, आणि तो काचेमागे गेला. "श्वास घ्या. धरून ठेवा."

अप्पांनी श्वास धरला. मशीन घुमलं.

"सोडा."

त्यानंतर त्यांना टेबलावर झोपवून पोटाचा फोटो घेतला. चित्र पडद्यावर आलं. धातू अशा चित्रात लपत नाही. गिळलेलं नाणं, टाचणी, कानातलं, सगळं पांढरंशुभ्र दिसतं, कुणी खडूने काढावं तसं. जावयाने गळ्यापासून खाली पाहत नेलं. फासळ्या होत्या, मणके होते, म्हाताऱ्या माणसाचं थोडं रुंदावलेलं हृदय होतं, पोटात हवा होती. स्क्रू नव्हता. त्याने चित्र मोठं करून पुन्हा पाहिलं. स्क्रू कुठेच नव्हता.

"दिसला?" टेबलावरून अप्पांनी विचारलं.

"नाही."

"नीट पाहा."

"पाहिलं."

"मग बाजूनं एक काढा."

"गरज नाही, अप्पा."

"मी म्हणतोय म्हणून काढा."

"इथे तसं चालत नाही."

हे वाक्य तो रोज दहा जणांना म्हणत असे. अप्पांना पहिल्यांदा म्हणाला. अप्पा उठून बसले. पाय टेबलावरून लोंबत होते, जमिनीला पोचत नव्हते. शर्ट घालायला घेतला आणि पहिलं बटण लागेना. जावई पुढे झाला तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

"त्या डॉक्टरीणबाई तुम्हाला विचारतील ना?" ते म्हणाले.

"चित्र त्यांना तिथे दिसेलच. पण विचारतील."

"मग म्हणा, पक्कं सांगता येत नाही. हवा आहे, आतड्यामागं असेल. म्हणा, आठ-पंधरा दिवस घरच्यांनी लक्ष ठेवायला पाहिजे."

जावयाने पडद्यावरचं चित्र पुन्हा पूर्ण आकाराचं केलं.

"तुमचा शब्द मानतील त्या."

"म्हणूनच तसं सांगता येत नाही, अप्पा."

अप्पा बटणाशी झगडत राहिले. मग त्यांनी ते सोडून दिलं. "तुम्ही गेलात तर सुट्टीच्या दिवशी काय होणार?"

"कारागीर आहेत की. गॅरेज कोपऱ्यावरच आहे."

"कारागिराला मी काय सांगू? ऐकेल तो माझं? तो म्हणेल, आजोबा, जरा बाजूला व्हा." ते थोडं थांबले. "बाजूला कुठं होऊ? घर आहे ते माझं."

जावई दार उघडून बाहेर गेला आणि डॉक्टरांना म्हणाला, "काही नाही. स्वच्छ आहे." डॉक्टरांनी स्वतः पाहून मान डोलावली. मग जावई कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीशी गेला. बायको त्याच्या मागे आली. त्याने फोन लावला.

"घरच्यांशी बोलणं झालं ना?" पलीकडून प्रमुखांनी विचारलं. "मागच्या वेळी तुम्ही कळवतो म्हणालात आणि गायब झालात. मला ताटकळायला वेळ नाही."

"झालं बोलणं."

"मग?"

बायकोने त्याच्या शर्टाची बाही धरली होती. ओढली नाही. नुसती धरली होती.

"येतोय," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर आता अप्पांच्या पोटात काहीच नव्हतं, तरी ते गप्प होते. कप्पा मांडीवर होता.

फाटकात सासूबाई उभ्याच होत्या. त्यांच्या चिमटीत स्क्रू होता. "काखेत कळसा नि गावाला वळसा! तुमच्याच चपलेत होता. स्टुलाखाली चपला काढून बसलात आणि अनवाणीच गेलात, त्यातल्या एकीत. आणि तुम्ही तिकडे पोटाचे फोटो काढत बसा!" मग त्यांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि आवाज उतरवला. "काय झालं? काही निघालं का?"

"काही नाही, आई," बायको म्हणाली. "चल, तुला आत सांगते." तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघी आत गेल्या. थोड्या वेळाने आतून सासूबाईंचा आवाज आला, "कधी?"

अप्पांनी स्क्रू घेतला. ओळख नसल्यासारखा उलटसुलट पाहिला. तो त्यांनी बाकीच्या दोघांबरोबर सीटवर ठेवला. तोंडात ठेवला नाही.

"काम अर्धं राहिलंय," ते म्हणाले.

"मी करतो. दोन मिनिटांचं आहे," जावई पुढे झाला.

"हात लावू नका."

"अप्पा, आत खूप अडचण आहे. तुमची पाठ धरेल."

"धरू द्या. उद्या कोण धरणार आहे?"

त्यांनी दाराला धरलं, एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि थांबत थांबत ते त्या जागेत उतरले. त्यांना उताणं व्हायलाच किती वेळ लागला. जावई दाराशी उभा होता. काय करावं हे त्याला कळत नव्हतं. घरात जाऊन वरच्या खोलीतली बॅग काढायची तर हे असे पडलेले. मदत करायची तर मनाई. आता बाहेर आलेले पाय अप्पांचे होते. टाचांना भेगा होत्या.

"टॉर्च धरा," आतून आवाज आला.

त्याने टॉर्च धरला.

झाकणाला दोन्ही बाजूंना दाबायच्या पट्ट्या होत्या. अप्पांची बोटं पट्टीपाशी जात आणि सरकत. पुन्हा जात. प्लास्टिकवर नखं वाजत होती. जावयाच्या स्वतःच्या बोटांत कळ आली, इतकी त्याने ती आवळून धरली होती. एकदाची पहिली पट्टी सुटली, मग दुसरी. अप्पांनी जुना फिल्टर ओढला आणि त्याबरोबर भसकन धूळ, सुकी पानं, किड्यांचे पंख त्यांच्या तोंडावर आले.

"अप्पा!"

"काही नाही. चष्मा घ्या." त्यांनी धुळीने भरलेला चष्मा काढून बाहेर दिला. जुना फिल्टरही दिला. तो पूर्ण काळा पडला होता. इतके दिवस ते चौघं यातून आलेली हवा घेत होते. "नवा द्या."

जावयाने खोका उघडला, प्लास्टिकची पिशवी काढली आणि नवा फिल्टर त्यांच्या हातात दिला. पांढराशुभ्र, घड्या घड्यांचा, वजनाला काहीच नाही. अप्पांच्या हातात तो पंख्यासारखा थरथरत राहिला. त्यांनी तो फटीत घालायचा प्रयत्न केला. कोपरा अडकला. काढला, फिरवला, पुन्हा घातला. पुन्हा अडकला. पुन्हा फिरवला. आता सरकला. हळूहळू, एकेक बोट पुढे, आतपर्यंत गेला.

अप्पांनी मोठा श्वास सोडला. "गेला," ते म्हणाले. जावयाने त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. "गेला बघा. एका दमात."

जावयाने टॉर्च जवळ नेला. फिल्टरच्या पुढच्या कडेवर फिकट निळा बाण छापलेला होता. गाडीतली हवा वरून खाली येते, म्हणून बाण खाली पाहिजे. तो वर होता.

"बाण खालीच आहे ना?" अप्पांनी विचारलं. "मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

फिल्टर उलटा बसला तरी हवा येते. थोडी कमी येते, आणि धूळ चुकीच्या बाजूने साठते. कुणाच्या लक्षात येणार नाही, कुणाच्या जिवाला धोका नाही. पण जावयाच्या कामात डावं-उजवं उलटं लागलेलं चित्र कधी खोलीबाहेर गेलं नव्हतं. अशी चूक झाली तर तो रोग्याला पुन्हा उभा करायचा, रांग कितीही लांब असो. उलटा आहे म्हणायला दोन शब्द पुरेसे होते. ते म्हटले असते तर अप्पांनी पुन्हा काढला असता, पुन्हा फटीत घालायचा प्रयत्न केला असता. बोटं आता आधीपेक्षा जास्त थरथरत होती. आणि मग कधीतरी ते म्हणाले असते, या, जावईबापू, तुमची नजर चांगली आहे. आणि तो गेला असता. आज, आणि पुढच्या सुट्टीला, आणि त्याच्या पुढच्या. दुसऱ्या शहरातून गाडीने, दर आठवड्याला. तो स्वतःला ओळखत होता.

"जावईबापू?"

"खाली आहे, अप्पा."

"नीट पाहिलंत?"

"पाहिलं. बरोबर बसलाय."

अप्पा हसले. धुळीने भरलेल्या चेहऱ्यावर दात दिसले. "बघा. म्हणजे अजून जमतं." त्यांनी झाकण उचललं आणि ते कुठून लावायचं हे बोटांनी चाचपायला लागले. "आता जा तुम्ही. पोरीला सांगा सामान काढायला. पेट्या माळ्यावर आहेत. टॉर्च तेवढा इथे सीटवर ठेवून जा. चष्मा पुसून द्या, मग सगळं दिसेल मला. बाकीचं मी बघतो."

इतक्या वर्षांनी त्याला जा म्हटलं होतं.

पण टॉर्च सीटवर ठेवला असता तर उजेड सरळ त्या बाणावर पडला असता.

"पुसतो," तो म्हणाला, आणि चष्मा त्याने शर्टाच्या खिशात टाकला. टॉर्चचा उजेड थोडा डावीकडे नेला, झाकणाच्या कडेवर धरला, आणि अप्पांची बोटं ती पट्टी शोधत होती तोवर तो तिथेच उभा राहिला. पट्टी लागत नव्हती. झाकण पुन्हा सुटून खाली आलं. अप्पांनी ते पुन्हा उचललं.

"गेला नाहीत अजून?"

"जातो," जावई म्हणाला. "झाकण लागू दे."